मैत्री, निष्ठा आणि फितुरी : ऐतिहासिक मालिका आणि जुन्नर-आंबेगाव

मराठी ऐतिहासिक मालिकेत लढाया कमी आणि खलबते जास्त असतात. घोडदळ, तोफा आणि वेढे दाखवायला पैसा लागतो. दोन माणसे समोरासमोर उभी करायला दिवाणखान्याचा एक देखावा पुरतो. त्यामुळे कोण कोणाच्या बाजूने बसले आहे, शब्द कोण पाळतो आणि ऐनवेळी पाठ कोण फिरवतो, यांवरच बहुतेक भाग उभे राहतात. मालिकेच्या नावात राजा असला तरी तिचा रोजचा विषय मैत्री आणि राजकीय संघर्ष हाच असतो.

या विषयाचा आढावा घेताना पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके वारंवार समोर येतात. शिवाजी महाराजांचा जन्म ज्या किल्ल्यावर झाला तो शिवनेरी जुन्नर शहराला लागून आहे. तमाशाची पंढरी म्हटले जाणारे नारायणगाव याच तालुक्यात आहे. शिवाजी आणि संभाजी या दोन्ही भूमिकांनी घराघरांत पोहोचलेले अमोल कोल्हे नारायणगावचेच आहेत आणि ज्या शिरूर लोकसभा मतदारसंघातून ते निवडून आले त्यात जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ मोडतात. इतिहास, त्याचा खेळ आणि आजचे राजकारण या तिन्ही गोष्टी एकाच मुलखात भेटतात.

वग आणि महानाट्य

दूरचित्रवाणी येण्याच्या कितीतरी आधी या भागात राजे, प्रधान आणि सेनापती गावोगाव पोहोचले ते तमाशाच्या वगातून. गण, गवळण आणि बतावणी झाली की उत्तररात्री वग सुरू होतो. पौराणिक आणि सामाजिक वगांच्या बरोबरीने ऐतिहासिक वगालाही फडांमध्ये मान होता. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी ही कला राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत नेली. आजही यात्रांच्या हंगामात नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. राहुटीबाहेर फडाच्या नावाचा फलक असतो, आत गादी घातलेली असते. गावच्या यात्रा कमिटीची माणसे एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जातात, कलावंत किती, वग कोणता, तारीख मोकळी आहे का हे विचारतात आणि घासाघीस करून सुपारी देतात.

वगातल्या राजाचा मित्र म्हणजे सोंगाड्या. तो कधी शिपाई असतो, कधी प्रधान, कधी नुसताच सोबती. पण राजाच्या तोंडावर खरे बोलण्याची मुभा त्याला असते. सत्तेची टिंगल करणारा आणि तरीही राजाची साथ न सोडणारा हा मित्र पुढे पडद्यावर फारसा आला नाही.

१९८५ साली बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य रंगमंचावर आले. फिरता भव्य रंगमंच, हत्ती-घोडे आणि शेकडो कलावंत यांमुळे इतिहास हा सोहळा म्हणून पाहण्याची सवय प्रेक्षकांना लागली. या मांडणीत राजाभोवतीची माणसे समूहाने वावरतात. एकेकट्या माणसाच्या मनातल्या द्विधेला तिथे फारशी जागा नसते. पुढच्या मालिकांनी सोहळ्याचा हा बाज उचलला.

दूरदर्शनचा काळ

मराठी ऐतिहासिक मालिकेचा पहिला ठसा उमटला तो १९८०च्या दशकात, मुंबई दूरदर्शनच्या ‘स्वामी’मुळे. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरील या मालिकेचे दिग्दर्शन गजानन जागीरदार यांनी केले. थोरल्या माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव (पुढे कुलकर्णी) होत्या. तिच्या केंद्रस्थानी पुतण्या आणि काका यांचा संघर्ष होता. नोव्हेंबर १७६२ मध्ये माधवराव आणि राघोबादादा यांच्या फौजा घोडनदीच्या काठी भिडल्या आणि आळेगावला माधवरावांनी माघार घेतली. घरातली लढाई वाढून दौलत बुडू नये म्हणून पेशवा स्वतः काकांच्या छावणीत गेला. ही घोडनदी उगम पावते आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात. घोडेगाव तिच्याच काठी आहे आणि डिंभे धरण तिच्यावरच बांधले आहे.

‘स्वामी’चे बळ असे की राघोबादादा तिथे निव्वळ खलनायक नाहीत. पुतण्याची माया आणि गादीची ओढ ही दोन्ही त्यांच्यात एकाच वेळी नांदतात. ना. सं. इनामदार यांच्या कादंबरीवरील ‘राऊ’मध्ये, आणि संजय खान यांच्या महादजी शिंद्यांवरील ‘द ग्रेट मराठा’ या १९९४ च्या हिंदी मालिकेतही संघर्षाचे मूळ आपल्याच माणसांत आहे. दूरदर्शनच्या काळात पेशवाईला पसंती मिळाली, कारण त्या काळाची कागदपत्रे विपुल होती आणि कादंबऱ्या तयार होत्या.

वाहिन्यांचा काळ

२००८ साली स्टार प्रवाह वाहिनी सुरू झाली ती ‘राजा शिवछत्रपती’ घेऊन. नितीन चंद्रकांत देसाई यांची निर्मिती, अमोल कोल्हे शिवाजी महाराज आणि मृणाल कुलकर्णी जिजाबाई. कर्जतजवळच्या देसाईंच्या स्टुडिओत उभारलेले गड-दरबार ही या मालिकेची मोठी खूण ठरली. पेशवाई मागे पडली आणि शिवकाल पुढे आला.

२४ सप्टेंबर २०१७ रोजी झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी संपली. लेखन प्रताप गंगावणे यांचे होते. कोल्हे संभाजीराजे, शंतनू मोघे शिवाजी महाराज, प्राजक्ता गायकवाड येसूबाई आणि स्नेहलता वसईकर सोयराबाई. अडीच वर्षे चाललेल्या या मालिकेत बाहेरचा शत्रू औरंगजेब असला तरी तिचा मोठा भाग रायगडावरच्या घरभेदाने व्यापला. त्यानंतर सोनी मराठीवर ‘स्वराज्यजननी जिजामाता’ (२०१९) आणि ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’ (२०२१), तर स्टार प्रवाहवर ‘जय भवानी जय शिवाजी’ (२०२१) या मालिका आल्या. शेवटच्या मालिकेने बाजीप्रभू, नेतोजी पालकर, शिवा काशिद अशा सोबत्यांना पुढे आणले. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’, ‘पावनखिंड’, ‘सुभेदार’ या चित्रपटांनीही याच काळात सोबत्यांनाच नायक केले.

मित्राची रूपे

या सगळ्या मालिका एकत्र पाहिल्या की मैत्री तीन साच्यांत दिसते.

पहिला साचा जिवावर उदार होणाऱ्या सोबत्याचा. तानाजी, बाजीप्रभू, शिवा काशिद हे त्याचे नमुने. हे नाते जिव्हाळ्याचे दाखवले जाते, पण त्यात बरोबरी नसते. सोबती राजाशी वाद घालत नाही, राजाचे चुकते असे त्याला कधी वाटत नाही. त्याची कसोटी एकच, मरायची तयारी.

दुसरा साचा कवी कलशाचा. उत्तरेकडून आलेला हा कवी संभाजीराजांचा विश्वासू झाला, छंदोगामात्य म्हणून कारभारात बसला आणि त्यामुळेच जुन्या कारभाऱ्यांच्या डोळ्यांत खुपला. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरी मुकर्रबखानाने दोघांना एकत्र पकडले. ११ मार्च १६८९ रोजी दोघांचाही अंत झाला. तुळापूर आणि वढू बुद्रुक ही त्या स्मृतीची गावे पुणे जिल्ह्यातच आहेत. मित्राबरोबर पकडले जाणे आणि छळ सोसून मित्राबरोबरच मरणे, एवढी टोकाची मैत्री मराठ्यांच्या इतिहासात दुसरी सापडणे कठीण आहे.

तिसरा साचा फिरलेल्या सोयऱ्याचा. गणोजी शिर्के हे येसूबाईंचे भाऊ आणि संभाजीराजांच्या बहिणीचे पती, म्हणजे दुहेरी सोयरे. त्यांच्या तक्रारीचे मूळ दाभोळच्या वतनात होते. शिवाजी महाराजांचे धोरण वतने न देण्याचे होते आणि संभाजीराजांनी तेच चालवले. मालिकेत मात्र वतनाचा प्रश्न चटकन हावरटपणात बदलतो. ज्या समाजात वतन म्हणजे घराण्याचा मान आणि पुढच्या पिढ्यांची भाकर, तिथे त्या मागणीमागेही काही तर्क होता, हे प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.

या तीन साच्यांत न बसणारा माणूस म्हणजे खंडो बल्लाळ. त्याचे वडील बाळाजी आवजी चिटणीस यांना १६८१ साली कटाच्या संशयावरून संभाजीराजांनी देहदंड दिला. मुलगा तरीही त्याच राजाच्या चाकरीत राहिला. येसूबाईंनी त्याला सांभाळले आणि घराण्याची चिटणिशी त्याच्याकडे आली. पुढे जिंजीच्या वेढ्यातून राजारामांना सोडवताना मोगलांकडे असलेल्या गणोजी शिर्क्यांची मदत लागली. तिच्या बदल्यात खंडो बल्लाळाने आपले वतन लिहून दिले, असे बखर-परंपरा सांगते. वडिलांचा घात करणाऱ्या दरबाराशी इमान आणि त्या दरबाराविरुद्ध गेलेल्या माणसाशी सौदा, दोन्ही एकाच आयुष्यात आले. स्वतंत्र मालिका पेलेल असे हे पात्र आजवर दुय्यम भूमिकेतच राहिले आहे.

साधनांचा प्रश्न

मित्र कोणता आणि फितूर कोणता, हे ठरवताना मालिका कोणत्या साधनावर विसंबते याला महत्त्व आहे. संभाजीराजांबद्दलची जुनी प्रतिमा घडली ती मुख्यतः मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीवरून. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. शिवाय लेखक खंडो बल्लाळाच्याच वंशातला. बाळाजी आवजींच्या शिक्षेची सल तिच्यात उतरली नसती तरच नवल. राम गणेश गडकरी यांच्या अपुऱ्या ‘राजसंन्यास’ नाटकात राजा व्यसनी आणि त्याचा कवी-मित्र त्याला बिघडवणारा, असे चित्र आले ते याच परंपरेतून.

वा. सी. बेंद्रे यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्राने आणि नंतर कमल गोखले यांच्या संशोधनाने हे चित्र पालटले. १९७९ च्या ‘छावा’ कादंबरीने ते वाचकांच्या मनात रुजवले. संभाजीराजांवरची मालिका या बदलाच्या खांद्यावर उभी आहे. त्यामुळे कवी कलश कपटी सल्लागार न राहता जिवलग मित्र झाला. पण लंबक दुसऱ्या टोकालाही गेला. पूर्वी दोष कलशावर ढकलला जाई, आता तो जुने कारभारी अण्णाजी दत्तो, सावत्र आई सोयराबाई आणि शिर्के यांच्यावर ढकलला जातो. दोषी बदलले, दोषी ठरवण्याची रीत तीच राहिली.

कोरियातील रीत

कोणालाही दोषी न ठरवता मैत्री तुटताना दाखवण्याची वेगळी रीत कोरियन ऐतिहासिक मालिकांत दिसते. या मालिका भारतात नव्या नाहीत. राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची आणि वैद्याची गोष्ट सांगणारी ‘दे जांग गुम’ दूरदर्शनने हिंदीत दाखवली होती. मैत्री आणि सत्तासंघर्षासाठी तिथल्या लेखकांचा आवडता काळ म्हणजे चौदाव्या शतकाचा शेवट. १३९२ साली गोर्यो राज्य संपून जोसोन राज्य स्थापन झाले. त्यात सेनापती ई सोंग-गे, त्याचा मुलगा ई बांग-वोन आणि विचारवंत जोंग दो-जोन एकत्र होते. नव्या राज्यात सत्ता राजाकडे असावी की प्रधानांकडे, यावर पुढे त्यांच्यात फाटले. १३९८ साली बांग-वोनने जोंग दो-जोनला ठार केले आणि १४०० साली तो स्वतः राजा झाला.

‘सिक्स फ्लाइंग ड्रॅगन्स’ (२०१५–१६) ही पन्नास भागांची मालिका याच फाटण्यावर उभी आहे. जोंग दो-जोन आणि बांग-वोन, म्हणजे मालिकेतले गुरू आणि शिष्य, दोघेही राज्याचे भलेच चिंततात, दोघांचेही म्हणणे प्रेक्षकाला पटते आणि म्हणूनच शेवट जड जातो. ‘माय कंट्री : द न्यू एज’ (२०१९) हाच काळ घेऊन सो ह्वी आणि नाम सोन-हो या दोन कल्पित मित्रांची गोष्ट सांगते. लष्करी परीक्षेच्या निमित्ताने त्यांच्या मैत्रीला तडा जातो आणि पुढे दोघे सत्तेच्या खेळात विरुद्ध बाजूंना लोटले जातात. मोठी माणसे इतिहासातली आणि मित्र कल्पनेतले, ही योजना लेखकाला मोकळीक देते. कोणत्याही घराण्याच्या पूर्वजावर डाग लागत नाही.

कोरियातही ही मोकळीक बेलगाम नाही. जोसोन राजांच्या दरबारी नोंदींचे विस्तृत ग्रंथ उपलब्ध असल्याने मालिकेतील चूक लगेच उघडी पडते. २०२१ साली ‘जोसोन एक्झॉर्सिस्ट’ ही मालिका इतिहासाच्या विपर्यासाच्या आरोपावरून अवघ्या दोन भागांनंतर बंद करण्यात आली. इतिहासाचा अभिमान तिथेही तीव्र आहे. तरीही फिरलेल्या मित्राचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी तिथल्या मालिकांनी जोपासली आहे.

शिवनेरीवरचे न दाखवलेले भाग

अशा गोष्टींसाठी मराठी लेखकाला दूर जावे लागत नाही. शिवनेरी ही शिवजन्माची जागा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. शिवाई देवी, अंबरखाना, बदामी तलाव, कडेलोटाचे टोक असा क्रम शालेय सहलीतही पाठ होतो. पण ज्या काळात हा जन्म झाला तो काळ निष्ठांच्या उलथापालथीचा होता. १६२४ सालच्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने होते आणि त्यांचे सासरे लखुजी जाधव मोगलांच्या. पुढे लखुजी निजामशाहीत परतले आणि जुलै १६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात त्यांचा खून झाला. सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, लखुजींच्या मुलीने शिवनेरीवर शिवाजी महाराजांना जन्म दिला. शहाजीराजांनी निजामशाही सोडली, काही काळ मोगलांची चाकरी केली, ती सोडून निजामशाहीच्या एका बाल वारसाला गादीवर बसवले आणि १६३६ साली अखेर शस्त्र ठेवले. बापाचे मारेकरी आणि नवऱ्याचे धनी एकच, अशी जिजाबाईंची अवस्था होती. जिजामातांवरच्या मालिकेने हा काळ घेतला, परंतु स्वराज्याची पूर्वतयारी म्हणून. त्या काळच्या सरदाराला बाजू बदलणे म्हणजे द्रोह वाटत नव्हते, ही गुंतागुंत मागे पडली.

दुसरी गोष्ट त्याहून नाट्यमय आणि जवळजवळ अस्पर्श आहे. महादजी शिंदे फेब्रुवारी १७९४ मध्ये वारले. दोन महिन्यांत नाना फडणविसांनी राघोबादादांच्या मुलांना नाशिकजवळच्या आनंदवल्लीहून हलवून शिवनेरीवर कैदेत ठेवले. त्यांत एकोणीस वर्षांचा बाजीराव होता. पुण्यात शनिवारवाड्यात वीस वर्षांचा सवाई माधवराव पेशवा होता, पण कारभार सगळा नानांच्या मुठीत. ज्या दोघांच्या बापांनी एकमेकांचे वैर पाहिले, ज्यातल्या एकाच्या बापाचा खून दुसऱ्याच्या बापाच्या पक्षाने केला, त्या चुलत काका-पुतण्यांत किल्ल्यावरच्या पहाऱ्यातल्या बळवंतराव नागनाथ यांच्यामार्फत चोरून पत्रे सुरू झाली. एक जुन्नरला कैदी, दुसरा पुण्यात कैदी, अशा अर्थाचा मजकूर बाजीरावाने लिहिल्याचे ग्रँट डफ नोंदवतो. पत्रव्यवहार उघडकीला आला. बळवंतरावाला बेड्या पडल्या, पेशव्याला नानांचे कठोर बोल ऐकावे लागले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून खाली पडला आणि दोन दिवसांनी वारला.

मग ज्याला कोंडले त्यालाच आणण्याची वेळ नानांवर आली. परशुरामभाऊ पटवर्धन शिवनेरीवर गेले. कैद्यांचा विश्वास बसेना, तेव्हा गाईचे शेपूट हाती धरून आणि गोदावरीची आण घेऊन त्यांनी दगा नसल्याची शपथ वाहिली. बाजीराव गडावरून उतरला. काही महिन्यांतच, मे १७९६ मध्ये, त्याच परशुरामभाऊंनी बाजू बदलून बाजीरावाच्या धाकट्या भावाला पेशवा केले आणि नानांना महाडकडे पळावे लागले. वर्ष संपण्याआधी नानांनी डाव उलटवला आणि डिसेंबरात बाजीराव पेशवाईवर आला. भीमाशंकराच्या मंदिराचे शिखर बांधणारे नाना ते हेच. भीमाशंकरला त्यांची आठवण भक्त म्हणून, तर जुन्नरच्या गडावर तुरुंगाधिकारी म्हणून राहावी, यातच या माणसाचे नाट्य आहे. पेशवाईवरच्या गाजलेल्या मालिका पहिला बाजीराव, थोरले माधवराव आणि महादजी यांच्यापाशी थांबल्या. शिवनेरीवरची ही पत्रे आणि शपथ त्यांच्या हद्दीबाहेर राहिली.

पडद्याबाहेरचे राजकारण

मालिकेचा परिणाम दोन्ही तालुक्यांनी प्रत्यक्ष अनुभवला आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ चालू असतानाच मार्च २०१९ मध्ये कोल्हे शिवसेनेतून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये गेले आणि शिरूरमधून तीन वेळच्या खासदारांना, आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीच्या शिवाजीराव आढळराव पाटील यांना हरवून लोकसभेवर निवडून आले. २०२४ साली हीच लढत पुन्हा झाली, पण मधल्या काळात पक्ष फुटून चिन्हे आणि गट बदलले होते. कोल्हे शरद पवारांसोबत राहिले, आढळराव अजित पवारांच्या पक्षाकडून उभे होते. निष्ठा आणि गद्दारी हे मालिकेत रोज ऐकलेले शब्द प्रचारसभांत सर्रास वापरले गेले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘छावा’ या हिंदी चित्रपटाने दुसरी बाजू दाखवली. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणाला त्यांच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा पक्षबदल आजच्या आडनावाला चिकटतो, तेव्हा लेखक सावध होतो आणि सावध लेखक सर्वमान्य खलनायक निवडतो. जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. गडावर येणाऱ्यांचे कुतूहल त्यामुळे वाढेल आणि जन्मस्थानापलीकडची शिवनेरी सांगण्याची गरजही.

आजवरच्या मराठी ऐतिहासिक मालिकांनी निष्ठा उत्तम रंगवली, बलिदान त्याहून चांगले रंगवले. मतभेद मात्र त्यांना पेलला नाही. फिरलेला माणूस लोभी किंवा भेकडच असला पाहिजे, हा आग्रह सुटत नाही तोवर मैत्री तुटण्याचे दुःख पडद्यावर येणार नाही. ‘स्वामी’ने चार दशकांपूर्वी राघोबादादांना समजून घेतले होते, म्हणजे मराठी प्रेक्षकाला हे झेपत नाही असे म्हणता येत नाही. साधने आहेत, पात्रे आहेत, गडही जागेवर आहे. उणीव आहे ती दोन्ही बाजूंना बोलू देणाऱ्या लेखनाची.